विमानतळाची रांग आणि वालाचं बी



दीड महिना इथं नोंद नव्हती. काही जणांनी फोन करून विचारलं, तब्येत बरी आहे ना? तब्येत ठणठणीत आहे. आम्ही दोघं नवरा-बायको मेलबर्नला पोरीकडे गेलो होतो. तिचं पहिलं बाळंतपण होतं. रोहिणी सरत आली तसे जामला परतलो. शेत जसं ठेवून गेलतो तसंच आहे. वखरणी भावानं करून ठेवली होती, त्याचे उपकार.

आता तिकडच्या शेतीबद्दल लिही असं सगळे म्हणतात. लिहीन. पण आधी एक वेगळंच लिहितो, कारण परवा समुद्रपूरच्या एका ओळखीच्या माणसानं विचारलं की पोरगा कॅनडात आहे, आम्हाला बोलावतो, पण विमानतळाची फार भीती वाटते, कसं निभावलं? आपल्या भागातल्या किती घरची पोरं आता बाहेर आहेत! आईबापाला तिकीट पाठवतात. पण त्या तिकिटावरून विमानात बसेपर्यंतचे चार तास कोणी समजावून सांगत नाही. आमचं विमान त्या चार तासांत सुटता सुटता राहिलं. म्हणून हे.

रांगेचं आपल्याला नवल नाही. कापसाच्या सीझनमध्ये हिंगणघाटला जिनिंगच्या गेटवर गाड्यांची रांग कुठपर्यंत जाते हे सगळ्यांनी पाहिलं आहे. २०१७ ची तूर आठवा. पीक बक्कळ झालं, सरकारी खरेदी २२ एप्रिलला थांबली, आणि मग जो त्या तारखेपर्यंत केंद्रावर हजर त्याचीच तूर घेतील असं ठरलं. मी तेव्हा पोत्यांवर दोन रात्री झोपून काढल्या. शेजारच्या गाडीवाल्याला सांगून जेवायला जायचो आणि तो गेला की त्याची पोती राखायचो. त्यामुळं मला वाटलं, विमानतळाची रांग ती काय! एसीत उभं राहायचं, डोक्यावर ऊन नाही, खाली गुळगुळीत फरशी.

चूक होती माझी. तुरीच्या रांगेत नंबर लांबला तर उद्या येतो. विमानाच्या रांगेत घड्याळ तुमच्या विरोधात असतं. बहुतेक विमान कंपन्या परदेशी विमानाचा काउंटर साधारण ३ तास आधी उघडतात आणि १ तास आधी बंद करतात. तुम्ही रांगेत असलात तरी बंद म्हणजे बंद. विमानाला अजून तास आहे हे सांगून काही होत नाही, कारण सामान पोटात चढवायचं असतं, प्रवाशांची यादी पक्की करायची असते. आमच्या दोघांच्या तिकिटाला यंदाच्या तुरीचा पैसा गेला होता. पोरीची तारीख दहा दिवसांवर आली होती. घरात जावई एकटे, आणि त्यांनाही नोकरी.

आम्ही सेवाग्राम स्टेशनवरून गाडी धरून मुंबईला गेलो. भाचा डोंबिवलीला राहतो, एक दिवस त्याच्याकडे थांबलो. (नागपूरहूनही दोहा-शारजाला विमानं जात आली आहेत. ज्यांना तिकडून पुढची जोडणी मिळते त्यांनी ते जरूर पाहावं. नागपूरची गर्दी मुंबईपेक्षा कमी, आणि जामवरून सव्वा तासाचा रस्ता.) विमान रात्री ११.४० चं, सिंगापूरमार्गे. भाच्यानं सव्वासातलाच सहारच्या टर्मिनल २ वर सोडलं. दारावर सीआयएसएफचा जवान तिकीट आणि पासपोर्ट पाहतो, नाव जुळलं की आत. भाचा बाहेरच राहिला, त्याला आत येता येत नाही. आणि एकदा आत गेलं की विसरलेली वस्तू घ्यायला सहज बाहेर येता येत नाही हेही लक्षात ठेवा.

आत जाऊन मी पहिलं काय केलं असेल? जिथं रांग दिसली तिथं उभा राहिलो. तुरीची सवय. रांग दिसली की आधी नंबर लावायचा, मग विचारायचं कशाची आहे. वर पाटीवर कंपनीचं नाव बरोबर होतं, म्हणून निश्चिंत. एक तास दहा मिनिटं उभे राहून काउंटरजवळ पोचलो तेव्हा तिथल्या मुलीनं सांगितलं, काका, ही दुसऱ्या विमानाची रांग आहे, तुमची ती तिकडे. एकाच कंपनीची त्या रात्री दोन विमानं होती. पाटीवर कंपनीच्या नावाखाली विमानाचा नंबर लिहिलेला होता. तो वाचायचा असतो. मी वाचला नाही. बायको काही बोलली नाही, नुसतं पाहिलं. ते पाहणं तुम्हा सगळ्यांना माहीत आहे.

आमच्या खऱ्या रांगेत उभे राहिलो तेव्हा ८.५० झाले होते. पुढं माणसं किती? मी मोजली, लहान पोरं धरून १३०. मग जिनिंगच्या गेटवर करतो तोच हिशेब केला. तिथं आपण काय पाहतो? पुढं गाड्या किती आणि तासाला रिकाम्या किती होतात. इथं दहा मिनिटं घड्याळ लावून पाहिलं, चार काउंटरवरून १२ माणसं सुटली. म्हणजे मिनिटाला सव्वाच्याही आत. १३० भागिले १.२, म्हणजे १०८ मिनिटं. ८.५० मध्ये १०८ मिनिटं मिळवा: १०.३८. काउंटर बंद १०.४० ला. दोन मिनिटांचा खेळ, आणि तोही मधे कोणाची बॅग अडली नाही तर.

परत आल्यावर कृषी महाविद्यालयात शिकवणाऱ्या एका मित्राला हे सांगितलं तर तो हसला. म्हणाला, या हिशेबाला लिटलचा नियम म्हणतात. जॉन लिटल नावाच्या अमेरिकन माणसानं १९६१ मध्ये तो गणितानं सिद्ध करून ठेवला. आणि रांगेचं शास्त्र त्याच्याही आधी, १९०९ मध्ये, डेन्मार्कच्या एर्लांग नावाच्या माणसानं सुरू केलं, टेलिफोनच्या कनेक्शनसाठी लोक किती वेळ थांबतील ते काढायला. आपण हे काट्यावर उभं राहून शिकलो. असो. मुद्दा असा की रांगेत घाबरून उभं राहण्यापेक्षा मोजा. आकडा हातात आला की काय करायचं ते सुचतं.

मला हे सुचलं की आताच बोलायला पाहिजे. साडेदहाला बोलून उपयोग नाही. रांगेच्या कडेला कंपनीची एक मुलगी उभी होती, तिला तिकीट दाखवून सांगितलं, आमचं विमान ११.४० चं, या वेगानं नंबर लागणार नाही. तिनं शांतपणे ऐकलं, म्हणाली सव्वादहापर्यंत नंबर आला नाही तर मला हात करा, मी पुढं घेते. लक्षात ठेवा, ती माणसं दिवसभर ओरडणं ऐकत असतात. सरळ आकडा सांगितला की ऐकतात. पुढं साडेनऊला त्यांनी आणखी दोन काउंटर उघडले, कदाचित आमच्यासारखे चार जण बोलले म्हणून. तेव्हा पुढं ८८ माणसं होती. वेग मिनिटाला १.८ झाला. मी परत भागाकार केला: १०.१९. जीव जरा खाली आला.

ही रांग इतकी हळू का चालते, हेही उभ्या उभ्या पाहून घेतलं. देशातल्या देशात जायचं तर बॅग ठेवली की झालं. परदेशी विमानाला काउंटरवरचा माणूस आधी व्हिसा तपासतो. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा पासपोर्टवर चिकटवलेला नसतो, तो संगणकात असतो. तुम्हाला तिकडच्या देशानं दारातून परत पाठवलं तर परत आणण्याचा भार विमान कंपनीवर पडतो आणि वर दंड. म्हणून ते एकेक कागद पाहतात. याच कारणानं घरून मोबाईलवर चेक-इन केलं तरी पुष्कळदा बोर्डिंग पास मिळत नाही, काउंटरला या म्हणतं. तरीही घरून करावंच. सीट शेजारी शेजारी मिळते, आणि काही कंपन्यांची फक्त बॅग टाकायची वेगळी रांग असते, ती छोटी असते. डिजीयात्राच्या चेहरा दाखवायच्या सोयीवर भरवसा ठेवू नका, ती देशातल्या विमानांसाठी आहे. परदेशासाठी सरकारनं जून २०२४ मध्ये दिल्लीला आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबईसह आणखी काही ठिकाणी जलद इमिग्रेशनची सोय काढली आहे. आधी ऑनलाइन अर्ज करून बोटांचे ठसे द्यावे लागतात. पण ती इमिग्रेशनची रांग वाचवते, चेक-इनची नाही.

आणि सगळे कागद छापून न्या. मोबाईलवर आहे म्हणू नका. १९ जुलै २०२४ ला जगभर संगणक बंद पडले होते, तेव्हा आपल्याकडच्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्या दिवशी ज्याच्या हातात कागद होता तो निवांत असणार.

दुसरं कारण म्हणजे बॅगा. आमच्या पुढं तीन कुटुंबांनी काउंटरसमोर बॅगा उघडून फरशीवर मांडल्या. वजन जास्त. पापडाचे डबे या बॅगेतून त्या बॅगेत, लोणच्याची बरणी नातवाच्या दप्तरात. (लोणचं हातातल्या बॅगेत टाकू नका, पुढं तपासणीत अडकतं.) प्रत्येकाचे आठ-दहा मिनिटं गेले. आपल्याकडे घरोघरी काटा आहे, कापूस वेचणीच्या बाया शेतातच वजन करून घेतात, तरी लोक बॅग अंदाजानं भरतात! आम्ही आकड्याच्या काट्याला बॅग टांगून वजन केलं होतं. ३० किलोची परवानगी, एक बॅग २८.५, दुसरी २९. काटा थोडा इकडंतिकडं दाखवतो म्हणून किलोभर जागा ठेवावी. आणि तुम्ही पैसे भरायला तयार असलात तरी एका बॅगेत ३२ किलोच्या वर साधारण घेत नाहीत. ती उचलणाऱ्या हमालाच्या पाठीचा विचार करून ठेवलेला नियम आहे. आपल्या बाजार समितीतल्या पोत्याबद्दल असा विचार व्हायला किती वर्षं गेली!

सुकं खोबरं मात्र घरीच काढून ठेवलं होतं. पोरीच्या डिंकाच्या लाडवांसाठी हिनं दोन किलो आणलं होतं, भाच्यानं सांगितलं ते चालत नाही. हिला पटेना, खोबऱ्यानं विमानाला काय होते? शोधलं तेव्हा कळलं की वाहतुकीच्या जागतिक यादीत सुकं खोबरं धोकादायक मालात आहे, नंबर १३६३, स्वतःहून तापून पेट घेणाऱ्या वर्गात. तेल असतं, दाबून भरलं की आतून तापतं. त्याच यादीत खाली पाहिलं तर आपलेच सोयरे: १३६५ वर ओला कापूस आणि १३८६ वर तेल उरलेली ढेप! ओल्या कापसाच्या गंजीत हात घातल्यावर चटका बसतो तो आपल्याला ठाऊक आहे. लाडू मग मेलबर्नलाच तिथल्या दुकानातलं खोबरं आणून केले.

आता हिच्या गुडघ्यांबद्दल. तीस वर्षं निंदण-वेचणी केलेले गुडघे आहेत. तासाभरानं तिला उभं राहवेना. पोरीनं तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगते म्हटलं होतं, हिनं नको म्हटलं. म्हणे मी का आजारी हाओ? रांगेत मात्र ट्रॉलीवर, दोन बॅगांच्या मधे बसली. माझं मत सांगतो. ज्याचे पाय खरंच दुखतात त्यानं लाज न धरता दोन-तीन दिवस आधी कंपनीला सांगून खुर्ची घ्यावी, ती फुकट मिळते. पण रांग टाळायला धडधाकट माणसानं खुर्ची मागू नये. तशी माणसंही तिथं दिसली, विमानातून उतरल्यावर तुरुतुरु चालत गेली. येताना आम्ही खुर्ची घेतली.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो ती सांगतो.

पुढं साधारण पंचवीस माणसं राहिली होती. पोरीनं मोबाईलवर ऑस्ट्रेलियात उतरताना भरायच्या कार्डाचा फोटो पाठवला होता, तो मी वेळ जावा म्हणून हिला वाचून मराठीत सांगत होतो. बिया आहेत का, झाडाचा काही भाग आहे का, माती लागलेल्या वस्तू आहेत का, गेल्या ३० दिवसांत शेतात किंवा जनावरांजवळ होता का. शेवटच्यावर आम्ही दोघं हसलो. तीस दिवसांत शेतात नव्हतो असा एक दिवस सांगा म्हणावं. बूट मी घासून, ब्रशनं खाचा साफ करून आणले होते, कारण शेतातलेच बूट होते, दुसरे नाहीत.

ही हसता हसता गप्प झाली. म्हणाली, "अजी, एक सांगू का? रागावू नोका. सासूबाईच्या वालाचं बी मी बॅगीत टाकलं जी. लाडवाच्या डब्याखाली."

आमच्या मायचा वाल. ज्यांनी जाने-फेब्रुवारीत आमच्याकडे पोपट खाल्ले आहेत त्यांना माहीत आहे. माय ते बी राख लावून गाडग्यात ठेवायची, दर वर्षी मृगात कुंपणाला लावायची. ती जाऊन सहा वर्षं झाली, गाडगं आता ही सांभाळते. पोरीच्या घरामागं थोडी जागा आहे, तिथं आजीचा वाल चढावा एवढीच इच्छा. "मूठभर बी हाय. त्यानं का होते त्याईच्या देशाचं?"

मला राग नाही आला. मलाही तेच वाटलं असतं. पण उत्तर देताना मी तिला आपल्याच बांधावरचं सांगितलं. गाजर गवत आपलं नाही. पन्नासच्या दशकात पुण्याकडं पहिल्यांदा दिसलं, अमेरिकेच्या गव्हातून आलं म्हणतात, आणि आज जामच्या चौरस्त्यापासून आपल्या धुऱ्यापर्यंत तेच आहे, हातापायाला खाज सुटेपर्यंत तूच उपटतेस. मक्यावरची नवी लष्करी अळी मूळची अमेरिकेतली. २०१८ मध्ये कर्नाटकात दिसली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात आली. ते कोणी मुद्दाम आणलं नसेल. वालाच्या दाण्यात भुंगा असतो, डोळ्याला न दिसणारी अंडी असतात. तुझ्या गाडग्यातल्या बियाला भोकं पडतात ना? तोच. त्यांनी विचारलं आणि आपण नाही म्हटलं, आणि मग कुत्र्यानं हुंगून काढलं, तर दंड होईल, व्हिसाची अडचण होईल, आणि पोरगी तिथं बाहेर उभी राहील. सांगून टाकलं तर ते काढून घेतील, एवढंच.

ती म्हणाली, "ते का करतीन त्याचं?"

मी म्हटलं, जाळतील.

मग ती ट्रॉलीवरून उठली. "बॅग उघडा."

मागं सांगलीकडचं एक जोडपं होतं, त्यांना म्हटलं आमची जागा राखा. तुरीची रांग इथं कामी आली. बाजूला घेऊन बॅग उघडली, डबा काढला, खालची पुडी काढली. मायच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेली. आता टाकायची कुठं? कचऱ्याचा डबा दहा पावलांवर होता. मी जन्मात बी कचऱ्यात टाकलं नाही, हातच उचलेना. हीही पुडी धरून उभी. घड्याळात ९.५८.

तिथं फरशी पुसणारा एक पोरगा आमचं बोलणं ऐकत होता. जवळ आला आणि म्हणाला, "कोनतं गाव तुमचं?"

जाम, म्हटलं.

"जाम चौरस्ता? मी आर्णीचा हाओ." मग पुडीकडं पाहून म्हणाला, "मले द्या. पुढच्या महिन्यात गावाले चाललो. माय लावन."

हिनं पुडी त्याला दिली. फडकं मात्र सोडून ठेवून घेतलं, बी त्याच्या रुमालात बांधून दिलं. लावताना एका आळ्यात तीनच दाणे टाक, वेल चढायला बोरीची काटी रोव, असं सगळं सांगितलं. तो हो हो म्हणाला आणि बादली घेऊन गेला. नाव विचारायचं राहिलं. त्यानं गावी नेलं की नाही, त्याच्या मायनं लावलं की नाही, काही कळायला मार्ग नाही.

रांगेत परत आलो तेव्हा जोडप्यानं आमची ट्रॉली पुढं सरकवत आणली होती. १०.२० ला काउंटरवर. हिशेबाला एका मिनिटाचा फरक! सामान थेट मेलबर्नपर्यंत लागलं, कारण तिकीट एकच होतं. दोन वेगळी तिकिटं काढली असती तर सिंगापूरला सामानाचं आणि दुसऱ्या चेक-इनचं दुखणं मागं लागू शकलं असतं, म्हणून पोरांना सांगा, स्वस्त पडलं तरी तुकड्यातुकड्यानं तिकीट काढू नका. इमिग्रेशनला पंचवीस मिनिटं, सुरक्षा तपासणीला वीस. पॉवर बँक हातातल्या बॅगेत होती ती वेगळी ट्रेमध्ये ठेवायला लावली. गेट बंद व्हायला पाच मिनिटं असताना आम्ही तिथं पोचलो. ही चप्पल हातात घेऊन चालत होती.

मेलबर्नला कार्डावर शेताच्या प्रश्नाला 'होय' केलं, खाण्याच्या वस्तूंनाही 'होय' केलं. त्यांनी बूट उलटे करून तळवे पाहिले, लाडवाचा डबा उघडून पाहिला, विचारलं कशाचे. हिनं मराठीत सांगितलं. जाऊ दिलं. सगळं मिळून दहा मिनिटं. आमच्या पुढच्या माणसानं 'नाही' लिहिलं होतं, त्याची बॅग वेगळ्या टेबलावर नेली, तो आम्ही निघालो तरी तिथंच होता.

नातू नवव्या दिवशी झाला. तीन किलो शंभर.

ज्यांना जायचं आहे त्यांनी फोन करून खुशाल विचारावं, पण संध्याकाळी सातनंतर. सध्या दिवसभर बियाण्याची उगवण तपासणी चालू आहे. घरच्या सोयाबीनचे शंभर-शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले आहेत, आकडे परवा टाकतो. गाडग्यातला वाल हिनं काल काढला. भुंग्यानं निम्म्याला भोकं पाडली आहेत, चांगलं निवडून आठ आळ्यांपुरतं निघालं.